खिडकीतला सेल

आमच्याकडे सेल संपत नसे, उतरत असे. उतरलेला सेल उन्हात ठेवला की त्यात थोडी धुगधुगी येते, हे आमच्या भागात कुणाला शिकवावं लागत नसे. पत्र्यावर, तुळशीच्या कट्ट्यावर, कुरडयांच्या परातीत, कुठेही दोन-चार सेल आडवे पडलेले दिसायचे. मी बी.एस्सी. झालेली, नगरच्या एका कॉलेजात प्रयोगशाळा सांभाळणारी, आणि माझ्याही घरी तेच. मला त्याचा राग यायचा. तसा मला बऱ्याच गोष्टींचा राग यायचा. नाकाच्या शेंड्यावर राग घेऊन फिरते, असं आई म्हणायची, आणि ते खरंच होतं.

दुष्काळाची वर्षं होती, बाहत्तर-त्र्याहत्तरच्या आसपासची. आम्ही केडगावला राहत होतो, पुणे रस्त्यापासून जरा आत. घरात तिघंच: आई, अण्णा आणि मी. अण्णा मिरजगावला हेडमास्तर होते, तिथून निवृत्त झाल्यावर आम्ही इकडे आलो. शाळेत असतानाच त्यांना कमी ऐकू यायला लागलं होतं. निवृत्तीनंतर पुण्याहून मशीन आणलं. कानात एक गोळी, तिच्यातून निघालेली वायर आणि सदऱ्याच्या खिशात काडेपेटीपेक्षा थोडी मोठी डबी. डबीला एक चाक होतं, फिरवलं की आवाज कमीजास्त व्हायचा. आत एक पेन्सिल सेल बसायचा. तो सेल त्या मशीनला नुसता खायला लागायचा म्हणा ना. दिवसभर चालू ठेवलं तर बघता बघता उतरायचा.

म्हणून अण्णा मशीन जपून वापरायचे. संध्याकाळच्या बातम्यांना सेल आत, कुणी भेटायला आलं तर सेल आत. एरवी सेल काढून स्वयंपाकघराच्या खिडकीत, उन्हाला; कानातली गोळी मात्र तशीच. आणि अण्णांचं एक वाक्य ठरलेलं होतं, "सेल उतरलाय." देवळाची वर्गणी मागायला कुणी आलं की सेल उतरलेला असे. माझ्यासाठी स्थळ घेऊन कुणी नातेवाईक आला की हमखास उतरलेला असे, आणि त्याबद्दल मी त्यांची कायमची ऋणी आहे. आलेला माणूस घसा फोडून ओरडायचा, अण्णा कानामागे हात धरून खेदाने मान हलवायचे, आणि शेवटी तो माणूस चहा पिऊन निघून जायचा.

आई मात्र ओरडायची नाही. खिडकीत सेल दिसला की ती आपल्या नेहमीच्या आवाजात बोलायला लागायची. अण्णा समोर खुर्चीत पेपर वाचत बसलेले, ती खाली बसून काहीतरी निवडतेय, आणि बोलतेय. रेशनवरची लाल मिलो ज्वारी कशी आहे, भाकरी थापताना कशी तुटते, पाण्याला किती वेळ उभं राहावं लागतं, पोरीचं काय होणार, आपलं काय होणार. मधूनच खूप जुनं काहीतरी. हे सगळं अण्णांकडे बघून, "अहो" म्हणून, अगदी त्यांनाच सांगितल्यासारखं. मला ती सवयीची गोष्ट होती. घरात रेडिओ लावलेला असावा आणि कुणी ऐकत नसावं, तसं ते चालायचं. ती खिडकीकडे बघून मगच सुरू करते, हे तेव्हा माझ्या लक्षात आलं नव्हतं.

मला नाद होता तो वेगळाच. लाकडी फळीवर खिळे ठोकून मी एक रेडिओ बनवला होता. दिसायला भिकार, पण वाजायचा. पुणे केंद्र स्पष्ट लागायचं आणि हवा चांगली असली तर कुठली कुठली परदेशी स्टेशनं. पण तोही तसलेच पेन्सिल सेल खायचा. शेवटी मी ठरवलं की सेल चार्ज करायचा चार्जर घरीच बनवायचा. अण्णांच्या मशीनचा विचार त्यात अजिबात नव्हता. मला माझा रेडिओ ऐकायचा होता, बस.

कोरडा सेल खरं तर चार्ज करायचा नसतो. तसं त्याच्यावर छापलेलंच असतं. पण पूर्ण उतरायच्या आत काढला आणि त्याच्यात अगदी हळूहळू, थोडाथोडा प्रवाह उलटा ढकलला तर तो पुन्हा उभा राहतो. नव्यासारखा नाही, पण कामापुरता. लागणारं सामान फार नव्हतं. कॉलेजातली एक विजेची घंटा भंगारात निघाली होती, तिचा छोटा ट्रान्सफॉर्मर सरांना विचारून घेतला. छोट्या टॉर्चचा एक बल्ब. अण्णांच्या शाळेतली खडूची लाकडी पेटी घरात होतीच, तीत आई शिवणाचे दोरे ठेवायची. दोरे बाहेर काढून पेटी मी घेतली, त्यावरून पहिलं भांडण झालं.

उरला डायोड. डायोड म्हणजे प्रवाह एकाच बाजूने जाऊ देणारा, दुसऱ्या बाजूने अडवणारा एवढासा तुकडा. तो आणायला मी नगरात रेडिओ दुरुस्तीच्या दुकानात गेले. दुकानदाराने मला नीट बघून घेतलं.

"काय दुरुस्त करायचंय?"

"काही नाही. डायोड हवाय."

"कुणाला?"

"मला."

"भावाला पाठवा, ताई. त्यात चार प्रकार असतात. तुम्हाला सांगून कळणार नाही."

"मला भाऊ नाही," मी म्हणाले, "आणि चारही प्रकार काढा, मी सांगते कुठला हवाय ते."

दुकानात बसलेली दोन माणसं हसली. ती दुकानदाराला हसली की मला, कोण जाणे. डायोड मिळाला. मी सायकलवरून केडगावला येईपर्यंत त्या माणसाला मनातल्या मनात आणखी बरंच काही सुनावत होते.

आईला सोल्डरिंगचा वास सहन व्हायचा नाही. तापलेल्या राळेचा धूर निघाला की ती पदर नाकाला लावून दारात उभी राहायची. "घरात कल्हईवाला बसवलाय," ती म्हणायची. "लोकांच्या पोरी स्वेटर विणतात."

"विण म्हण, तेही विणते. पण त्याच्यावर पुणे लागणार नाही."

"जळलं मेलं ते पुणे!"

पहिला प्रयोग फसला. घाईघाईत मी डायोड उलटा जोडला. सेल भरायच्या ऐवजी आणखी पिळून निघाला, तापला, फुगला आणि बुडातून काळपट चिकट रस आईच्या टेबलक्लॉथवर आला. त्यावरून दुसरं भांडण झालं. त्या सेलचा पुन्हा चुकून वापर होऊ नये म्हणून मी खिळ्याने त्याच्या अंगावर मोठी फुली मारली आणि आईला सांगितलं, हा फेकून दे. दिवाळीच्या सुमाराला चार्जर बरोबर जमला. सेल लावला की पेटीवरचा बल्ब मंद तांबडा पेटायचा आणि सकाळी मीटर लावून बघितलं तर काटा खरंच वर चढलेला असायचा. मला इतका आनंद झाला की मी आईला मिठी मारायला गेले. ती म्हणाली, हात धू आधी.

आमच्या शेजारी एक शेतकरी कुटुंब होतं. तिथल्या मावशींच्या कानावर गेलं की मास्तरांची पोरगी बॅटरी चार्ज करते. आमच्याकडे बॅटरी म्हणजे टॉर्च. दुसऱ्याच दिवशी मावशी त्यांची हातभर लांबीची टॉर्च घेऊन आल्या. "ही बॅटरी पेटंना झालीया. जरा तुज्या त्या पेटीत घालून बग." ती त्या पेटीत मावतसुद्धा नव्हती. टॉर्चचं बटण गंजलं होतं, ते घासून दिलं आणि टॉर्च पेटली. चार्जरचा त्यात काडीचाही संबंध नव्हता, पण मावशींनी गल्लीभर सांगितलं की मेलेली बॅटरी जिवंत करते पोरगी.

हे ऐकून अण्णा एके सकाळी माझ्या टेबलापाशी आले. त्यांनी मशीनमधला सेल काढून तळहातावर माझ्यापुढे धरला. हेडमास्तर माणूस, मागायची सवय नाही. "याचं काही होईल का?" एवढंच विचारलं.

झालं. आता दोन सेल फिरायला लागले. एक अण्णांच्या मशीनमध्ये, एक पेटीत. पूर्ण उतरायच्या आत काढायचा हा चार्जरचा नियम, त्यामुळे मी रोज सकाळी कॉलेजला जाण्याआधी अण्णांचा सेल बदलायची. खिडकीत सेल ठेवायचं कारणच उरलं नाही. अण्णा सकाळपासून संध्याकाळपर्यंत ऐकू लागले. चिमण्या ऐकू येतात म्हणाले. नळ गळतोय हे त्यांनीच आम्हाला सांगितलं. त्यांचं "सेल उतरलाय" मात्र बंद झालं, कारण तो उतरतच नव्हता. वर्गणी द्यावी लागली, आणि माझ्यासाठी आलेलं एक स्थळ त्यांना आख्खं ऐकून घ्यावं लागलं. मी चिडले. अण्णा म्हणाले, तूच केलंस.

आणि आई गप्प झाली.

एकदम नाही. आधी मला वाटलं तिला बरं नाही. मग वाटलं माझ्यावर रागावली आहे, कारण ती बहुतेक वेळा माझ्यावरच रागावलेली असे. पण माझ्याशी ती नेहमीसारखी भांडत होती. शेजारच्या मावशींशी कुंपणापाशी उभी राहून भरभरून बोलत होती. घरात आली की तोंडाला कुलूप. "जेवायला चला." "पाणी ठेवलंय." "पेपर आला." अण्णांच्या वाट्याला एवढंच यायचं. दुपारी ते खुर्चीत, ती खाली परात घेऊन, आणि मध्ये नुसता मिलोतले खडे परातीत पडल्याचा आवाज. संक्रांतीला बायका येऊन गेल्या, हसल्या-खिदळल्या. त्या गेल्यावर आईने अण्णांच्या हातावर तिळगूळ ठेवला आणि ठरलेलं गोड बोला तेवढंसुद्धा न म्हणता आत गेली. अण्णा हातावरच्या तिळगुळाकडे बघत बसले. मला दोघांचाही वैताग आला. एवढी धडपड करून माणसाला ऐकू येईलसं केलं, तर घरात ऐकण्यासारखं काही उरलं नव्हतं.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी स्वयंपाकघराच्या खिडकीत पुन्हा सेल दिसायला लागला.

मी विचारलं तर अण्णा म्हणाले, "तुझे ते भरलेले सेल काही टिकत नाहीत दुपारपर्यंत. उतरतात. आता पूर्वीसारखा बातम्यांपुरताच घालीन, एरवी आपलं ऊनच बरं." मला ते लागलं. पण आईचं बोलणं त्याच आठवड्यात सुरू झालं, आणि घर घरासारखं वाटायला लागलं, म्हणून मी गप्प बसले. सकाळी सेल बदलून देणं चालू होतं. मला एकच कळत नव्हतं. दुपारआधी काढून ठेवलेला सेल थोडा तरी शिल्लक असायला हवा. पण अण्णांकडून परत येणारा सेल मी मीटरला लावायची तर तो चांगलाच वापरलेला असायचा. नुसत्या संध्याकाळच्या बातम्यांनी सेल एवढा उतरत नाही. मीटर खोटं बोलत नव्हता. मग कोण बोलत होतं?

एका रविवारी मला ताप होता. मी मधल्या खोलीत पडून होते, तिथून स्वयंपाकघर दिसायचं. खिडकीत सेल होता. आई परात घेऊन बसली होती, अण्णा पेपर घेऊन. आई बोलत होती.

"माणूस सांगायला आला होता, दादा गंभीर आहेत म्हणून. मी बांधाबांध करून ट्रंकेवर बसले होते. तुम्ही म्हणालात, उद्या इन्स्पेक्शन होऊ दे, परवा निघू. आणि फळ्यांना काळा रंग लावून घ्यायला गेलात. अहो, परवा गेलो तेव्हा काय उरलं होतं तिथं? पाथर्डीच्या स्टँडवर एस.टी.चा हॉर्न वाजला की दादा विचारायचे, आली का. वहिनीनं सांगितलं मला. प्रत्येक गाडीला विचारायचे. आली का, आली का. आणि तुमचा साहेब तर इन्स्पेक्शनला आलाच नाही."

दादा म्हणजे तिचे वडील. ही गोष्ट मला पाठ होती. अण्णांचे कान गेल्यापासून ती खडे वेचता वेचता हे सांगत आली होती, याच शब्दांत, न रडता. फक्त आज मी अण्णांकडे बघत होते. त्यांनी पेपर धरला होता, पण पान उलटत नव्हते. उजव्या हाताचा अंगठा सदऱ्याच्या खिशात होता आणि मशीनचं चाक अगदी सावकाश फिरवत होता. आईचा आवाज खाली गेला की अंगठा हलायचा. कानातली गोळी त्यांनी दुसऱ्या हाताने घट्ट दाबून धरली होती, शिट्टी वाजू नये म्हणून. ती मशीनं शिट्टी मारायची, चाक फार वर नेलं की.

मला संताप आला. मी तापात होते म्हणून उठले नाही, नाहीतर तिथेच उभी राहून ओरडले असते. बाई आपली बहिऱ्या माणसाजवळ मन मोकळं करतेय आणि हा माणूस चोरून ऐकतोय!

संध्याकाळी अण्णा बाहेर पायरीवर बसले होते. आई नळावर गेली होती. मी त्यांच्या शेजारी जाऊन बसले आणि सवयीप्रमाणे मोठ्याने म्हणाले, "अण्णा, सेल आत आहे ना?"

"हळू बोल," अण्णा म्हणाले.

इतक्या वर्षांत ते मला हळू बोल म्हणाले नव्हते. मला हसू आलं आणि त्याने राग आणखीच वाढला.

"मग खिडकीत कुठला आहे?"

"तू फुली मारलेला. मागे उकिरड्यावर पडला होता. पुसून घेतला."

"हे बरं नाही, अण्णा. ती तुम्हाला ऐकू येत नाही म्हणून बोलते."

"तेच तर," अण्णा म्हणाले. "मी चालू असलो की ती बंद. दोन महिने बघितलं मी. जेवायला चला, पाणी ठेवलंय. त्यापेक्षा बहिरा होतो ते बरं होतं असं वाटायला लागलं."

"मग सांगा तिला. ऐकलं म्हणून सांगा."

"सांगितलं की थांबेल ती. मला वाटायचं ती ते विसरली असेल. तेव्हा एक शब्द बोलली नव्हती गं. गाडीत बसली, गेलो, दिवस झाले, परत आलो, स्वयंपाकाला लागली. मला वाटलं समजून घेतलं तिनं. इन्स्पेक्शन होतं ना." मग म्हणाले, "मला अजून ऐकायचंय. सगळं झालं नसेल तिचं."

"आणि मी सेल द्यायचे बंद केले तर?"

"नको गं."

आख्ख्या शाळेला चळाचळा कापायला लावणारा माणूस तो. त्यांच्या तोंडून "नको गं" ऐकायची मला सवय नव्हती. मी उठून आत गेले आणि सकाळसाठी सेल पेटीला लावला. मला आईची दया आली होती आणि अण्णांचीही, आणि दोन्हीचं एकदम काय करायचं ते मला कळत नव्हतं.

उन्हाळा लागला. सेलांच्या शेजारी आता कुरडया वाळायला लागल्या. एका शनिवारी दुपारी मी कॉलेजातून लवकर घरी आले होते आणि टेबलावर रेडिओ उघडून बसले होते. शेजारच्या मावशी आल्या. त्यांच्या मुलाने छोटा ट्रान्झिस्टर आणला होता आणि त्याला एक सेल कमी पडत होता. पोरगी कुठे काही जास्तीचा ठेवते का, म्हणून विचारायला आल्या. मी उठायच्या आत आईने खिडकीतला सेल उचलला. "हा न्या. यांचा आहे, सकाळपासून तापतोय, चांगला तयार झाला असेल. संध्याकाळी बातम्यांच्या आत तेवढा परत द्या."

माझ्या हातातला सोल्डर तसाच राहिला. मावशी गेल्या आणि लगेच परत आल्या.

"मास्तरीणबाई, ह्यो काय कामाचा न्हाई बगा. लई जुना हाय. बुडाला गळून पार पांढरा झालाय. असला सेल किती बी उन्हात ठिवा, काय उपेग न्हाई त्याचा. आन ही फुली कशापायी मारलीया?"

आईने सेल हातात घेतला. उलटा करून बघितला. फुलीवरून बोट फिरवलं. टेबलक्लॉथचा तो डाग अजून निघाला नव्हता, त्यामुळे हा सेल तिला विसरणं शक्यच नव्हतं. मावशींना ती म्हणाली, "राहू द्या, उद्या देते दुसरा." मावशी गेल्या. आई खिडकीकडे बघत उभी राहिली. मग माझ्याकडे बघितलं, आणि मला माहीत आहे हे तिला कळलं. मी मान खाली घातली.

अण्णा खुर्चीत होते. खिडकी त्यांना समोर दिसत होती, आणि ती रिकामी होती. आई स्टोव्हपाशी गेली, त्यांच्याकडे पाठ करून उभी राहिली. स्टोव्ह पेटवला नाही. अगदी खालच्या आवाजात, मला मधल्या खोलीत जेमतेम ऐकू येईल इतक्याच, म्हणाली, "चहा टाकू का?"

अण्णांना गप्प बसता आलं असतं. पेपर समोर होता, सवयही होती. त्यांनी पेपरची घडी घातली.

"अर्धा कप," ते म्हणाले.

आईची पाठ हलली नाही. मग तिने विचारलं, "कधीपासून?"

"संक्रांतीपासून."

मला वाटलं, आता ही घर डोक्यावर घेणार. मी तर तयारीत बसले होते. पण तिने स्टोव्ह पेटवला, चहा केला, आणि अर्धा नाही, पूर्ण कप भरून त्यांच्यापुढे ठेवला. बशीसुद्धा वाजली नाही. अण्णांनी कानातली गोळी काढली, वायर गुंडाळली, आणि मशीन फडताळात ठेवून दिलं. त्या दिवसापासून ते त्यांनी घातलंच नाही. सकाळी मी सेल पुढे केला की मानेने नको म्हणायचे. आता ते खरोखर बहिरे होते, आणि ते आईला माहीत होतं, तरी ती बोलत नव्हती. जेवायला चला हेही आता हाताच्या खुणेने व्हायला लागलं. मला कॉलेजातून घरी यावंसं वाटेना. पेटीवरचा बल्ब बघितला तरी चीड यायची. काय अवदसा आठवली आणि हे करायला घेतलं, असं वाटायचं. संसार माझा नव्हता, पण मोडायला मी तार जोडून दिली होती.

एका रात्री जेवताना अण्णा एकदम म्हणाले, बहिरी माणसं बोलतात तसं फार मोठ्याने, "पाथर्डीला जाऊन येऊ."

आईने भाकरी तोडायची थांबवली. "आता तिथं कोण आहे?" ती म्हणाली. ते खरंच होतं. तिचा भाऊ केव्हाच पुण्याला गेला होता, घर भाड्याने दिलेलं होतं, आणि दुष्काळात अर्धी पाथर्डी ऊसतोडीला नाहीतर खडी फोडायला बाहेर पडलेली.

अण्णांना ऐकू आलं नाही. "काय?" ते म्हणाले आणि कानामागे हात धरला.

आईने पुन्हा सांगितलं नाही. ती त्यांच्याकडे बघत राहिली. मी सांगायला तोंड उघडलं तर तिने मला हाताने गप्प केलं.

"स्टँडवर उतरू," अण्णा म्हणाले. "तिथून चालत जाऊ घरापर्यंत. कुणी नसलं तरी जाऊ."

सकाळी मी कॉलेजची पिशवी भरत होते. आई माझ्या टेबलापाशी आली. चार्जर झाल्यापासून त्या टेबलाच्या वाऱ्यालाही ती उभी राहिली नव्हती. तिने ठेवणीतलं लुगडं नेसलं होतं आणि हातात अण्णांचं मशीन होतं. वायर तिने नीट सोडवली होती, गोळी पदराला पुसली होती. बाहेर पायरीवर अण्णा पिशवी घेऊन उभे होते, गाडी चुकेल म्हणून चुळबुळ करत.

"भरलाय का?" तिने विचारलं.

"हो."

"इथं घालतात ना? दाखव मला."

मी दाखवलं. टोपी असलेली बाजू वर, सपाट बाजू स्प्रिंगकडे. तिने स्वतःच्या हाताने सेल बसवला, झाकण लावलं, चाक फिरवून बघितलं. तिच्या तळहातात मशीनने बारीक शिट्टी मारली, तशी ती दचकली, मग हसली.

"आणखी एक दे," ती म्हणाली. "पाथर्डी लांब आहे. एक मला पुरायचा नाही."

दुसरा मी चिडून पेटीला लावलाच नव्हता. मी माझ्या रेडिओतला काढून दिला.